गव्हाण, गादी आणि निळा ड्रम

२०२३ च्या जूनमध्ये पुण्याहून चिंचोळी एमआयडीसीत बदली झाली, तेव्हा ऑफिसातल्या पोरांनी सेंड-ऑफला मला काय दिलं असेल? सनस्क्रीनच्या तीन ट्यूब, एक गॉगल आणि झाकणाचा पाण्याचा जग. वर कार्ड, ‘वाळवंटात सुखी राहा!’ आता बोला.

ज्यांनी हा भाग फक्त ‘हुतात्मा’च्या नाहीतर ‘वंदे भारत’च्या खिडकीतून बघितलाय त्यांच्यासाठी थोडा भूगोल. सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलात की आधी बाळे, मग केगाव. इथं विद्यापीठ आहे आणि डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र पण. ते मागे पडलं की थोड्या वेळात शेड्स, चिमण्या, टँकर आणि चहाच्या टपऱ्या सुरू होतात. तालुका मोहोळ. म्हणजे ज्या मालदांडी ज्वारीची भाकरी तुम्ही हुरड्याच्या वीकेंडला वा वा करत खाता, ती निवडली गेली त्याच मोहोळचा. इथली जमीन काळी, पाऊस लहरी आणि ऊन मात्र अगदी वेळेवर.

मी राहतो एमआयडीसीला लागून असलेल्या वस्तीत, मामांच्या घरामागच्या दोन खोल्यांत. मामा म्हणजे घरमालक. सख्खे नव्हेत, पण इकडे साठीच्या पुढच्या माणसाला ‘मिस्टर अमुक’ म्हणायची पद्धत नाही. त्यांची वडिलोपार्जित जमीन एमआयडीसीत गेली. त्यानंतर ते त्यातल्याच एका कारखान्यात माळी म्हणून लागले आणि रिटायर झाले. पगार घेऊन स्वतःच्याच जुन्या रानात लॉन कापायचं! मी एकदा विचारलं, कसं वाटायचं? म्हणाले, “लॉनला काय, पाणी जास्त लागतं.” विषय संपला.

आमच्या दोन खोल्यांच्या मागे वीस बाय तीस फुटांचं अंगण. तिथं टणटणी, विटांचे तुकडे आणि एक मोडका पलंग. बायकोने पहिल्याच दिवशी ते बघितलं आणि म्हणाली, इथं भाजी लावायची. मी म्हटलं, डन! दोघांनाही भाजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने आयुष्यात एकदाच कोथिंबीर लावलेली, तीही कोथरूडच्या बाल्कनीत, आणि ती कबुतरांनी खाल्ली.

पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाचं एक असतं. काहीही करायचं म्हटलं की आधी व्हिडिओ. २०२४ च्या जानेवारीत मी दोन रात्री जागून परदेशातल्या मंडळींचे सुंदर सुंदर बगीचे बघितले. हिरवंगार लॉन, त्यात लाकडी पेट्या, पेट्यांत लेट्यूस, शेजारी झोपलेला कुत्रा. मला जाम आवडलं. आठ फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट उंच अशी पेटी करायची ठरवली. लाकूड कुठलं? तर पॅलेटचं. एमआयडीसीत भंगारवाल्याकडे पॅलेटची थप्पीच लागलेली असते.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. एक्स्पोर्टच्या पॅलेटवर एक शिक्का जाळलेला असतो. गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, देशाचा कोड आणि शेवटी दोन अक्षरं. ‘एचटी’ असेल तर लाकूड कीड मारण्यासाठी तापवलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते भाजीसाठी घेऊ नका. शिक्काच नसेल तर त्यावर आधी काय सांडलंय ते देवाला माहीत, तेही नको. मी एचटीवाली निवडून घेतली. माझं पोटापाण्याचं काम ईएचएसचं, म्हणजे पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा. लेबल वाचायचाच पगार मिळतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझी लाज काढायला उपयोगी पडेल.

पेटी झाली. झकास दिसत होती. मामा पाठीमागे हात बांधून आले आणि दोन मिनिटं नुसतं बघत उभे राहिले.

“हे काय ओ साहेब, गव्हाण केली व्हय? म्हस कुठाय?”

मी समजावून सांगितलं. रेज्ड बेड म्हणतात, पाण्याचा निचरा चांगला होतो, वाकावं लागत नाही, परदेशात सगळे करतात वगैरे. मामांनी सगळं ऐकून घेतलं. “गादीवाफा म्हणा की मग,” म्हणाले आणि गेले. आईशप्पथ, मला वाटलं होतं मी या गावात काहीतरी नवीन आणलंय!

आता या गव्हाणीचं गणित बघा. आठ गुणिले चार गुणिले दोन, चौसष्ट घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास धरला तर जवळजवळ दोन तृतीयांश ब्रास माती. ट्रॅक्टरची ट्रॉली बोलवावी लागली. माती, शेणखत, कोकोपीट धरून जो खर्च आला त्यात आम्ही दोघं महिनाभर मॉलमधली ऑरगॅनिक भाजी खाऊ शकलो असतो. फेब्रुवारीत टोमॅटो, ढोबळी मिरची, लेट्यूस लावलं. मार्चमध्ये फोटो काढले. पुण्याच्या ग्रुपवर टाकले. अंगठे, बदाम, टाळ्या, सगळं आलं.

आणि मग एप्रिल आला.

२०२४ चा उन्हाळा ज्यांनी सोलापुरात काढला त्यांना सांगायला नको. पारा ४३ च्या पुढे गेला होता. सकाळी पाणी घालून ऑफिसला जायचो, संध्याकाळी परत येईस्तोवर पेटीतली माती कडेने आकसून लाकूड आणि तिच्यात बोटभर फट पडलेली असायची. पाणी घातलं की ते त्या फटीतून सुळ्ळकन खाली. माती कोरडी ती कोरडीच. एक दिवस थर्मामीटर आणून दुपारी दोनला चार इंच खोल खुपसला, तर कडेच्या मातीनेही चाळिशी ओलांडलेली. मुळं शिजत होती हो अक्षरशः. टोमॅटोला फुलं यायची आणि गळायची. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या पुढे गेलं आणि रात्रही गार झाली नाही की टोमॅटोचं फळ धरणं अवघडच होतं, हे मला नंतर कळलं. लेट्यूसबद्दल न बोललेलं बरं.

चूक कुठे झाली? व्हिडिओतला माणूस खोटं बोलत नव्हता. तो थंड आणि ओल्या देशात राहतो. तिकडे वसंतात जमीन लवकर तापत नाही, पाणी साचून राहतं, म्हणून तो माती उचलून उंच पेटीत ठेवतो. वाफा जेवढा उंच तेवढा चारी बाजूंनी तापणार आणि वाळणार, हे तिथं वरदान आहे आणि इथं शिक्षा. अमेरिकेतच, पण न्यू मेक्सिकोच्या कोरड्या भागात राहणारे झुनी लोक बरोबर उलटं करायचे. मातीचे छोटे बांध घालून चौकोन चौकोन पाडायचे आणि रोप त्या खळग्यात लावायचे, वॉफलसारखं, म्हणजे पाण्याचा थेंबही बाहेर जाऊ नये. छोट्या चौकोनी पेट्यांतल्या बागकामाचं ज्याने जगभर वेड लावलं तो मेल बार्थोलोम्यू पेशाने सिव्हिल इंजिनिअर. त्यानेही पुढे सुधारून सांगितलेल्या पद्धतीत सहा इंच माती पुरेशी धरलीय. दोन फुटांचं खूळ फोटोत छान दिसतं म्हणून आलं असावं, असं माझं स्वच्छ मत आहे.

मामांना एवढं पुराण लागत नाही. त्यांचं एका ओळीत होतं. “पावसाळ्यात गादी, उन्हाळ्यात सपाट. आणि हिवाळ्यात कसंबी करा, हिवाळा माफ करतो.”

“मग आधी का नाही सांगितलं मामा?”

“तुम्ही इचारलं कुठं?”

मे महिन्यात गव्हाण मोडली. खरं तर मोडली नाही. मामींच्या दोन शेळ्या आहेत, त्यांना ती दिली. आता ती खरोखरची गव्हाण आहे आणि उत्तम चालते.

त्या पावसाळ्यात मामांनी मला पहिल्यांदा वाफे घालायला शिकवलं. सगळ्यात आधी शिकवला तो शब्द म्हणजे वाफसा. काळी माती ओली असताना तुडवली की तिचा चिखल होऊन वाळल्यावर वीट होते. कोरडी असताना खोदली तर ढेकळं. मधली एक अवस्था असते. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टिचकी मारली की तो फुटतो. तो वाफसा. दिवसदोन दिवसच मिळतो, आणि तो नेमका मंगळवारी-बुधवारी येतो, माझ्या सुट्टीच्या दिवशी कधीच नाही. दोनदा मी सकाळी सहाला उठून, खोदून, अंघोळ करून नऊच्या शिफ्टला गेलोय. बॉसने विचारलं, जिम लावली का? हो म्हटलं.

वाफा तीन फूट रुंद. मामांचं माप असं की दोन्हीकडून हात मधोमध पोचला पाहिजे, आत पाय पडता कामा नये. उंची सहा ते आठ इंच. मातीत काय काय, तर दोन घमेली काळी माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, एक घमेलं कुजलेला प्रेसमड आणि एक घमेलं चाळलेला मुरूम, असं करत ढीग. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहण्याचा हा फायदा, प्रेसमडला तोटा नाही. पण ताजा घेऊ नका, तो आतून तापतो. शेणखतही अर्धं कच्चं असलं की त्यातून हुमणी येते. पांढरी, जाडजूड, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली अळी, मुळंच खाते. मी चार रोपं घालवून हे शिकलोय, तुम्ही फुकटात शिका.

आच्छादनाची गंमत वेगळीच झाली. मी वाचलं होतं की ज्वारीचा कडबा कापून पसरला की मस्त काम होतं. पेंढी उचलायला गेलो तर मामींनी असं बघितलं की मी मंदिरातून घंटा चोरतोय! कडबा जनावराचा. तो मातीवर टाकायचा नसतो. मग उसाचं पाचट आणलं, ते उत्तम. मध्यंतरी कारखान्याचा ताजा बगॅस मातीत मिसळून बघितला तर पानं पिवळी पडली. तो कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो. मातीच्या वर पसरा, आत मिसळू नका.

ही सगळी शहाणपणाची परंपरा इथली जुनी आहे, बरं का. सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेतीवर संशोधन सुरू झालं. बांध घाला, रोपं विरळ ठेवा, सारखी कोळपणी करून वरची माती भुसभुशीत ठेवा म्हणजे खालची ओल उडत नाही, असं ते सांगणं. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणतात ना, ते तुमच्या गॅलरीतल्या कुंडीलाही लागू आहे. वरची कडक पापडी खुरप्याने नाहीतर चक्क काट्याच्या चमच्याने फोडत जा. शहरातल्यांना फारच उत्साह असेल तर श्री. अ. दाभोळकरांचं ‘विपुलाच सृष्टी’ शोधा. गणिताचा हा प्राध्यापक थोड्या जागेत पोटभर पिकवता येतं याचे प्रयोग शेतकऱ्यांना बरोबर घेऊन करत होता. त्याच धाग्याला धरून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या किचनच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास प्रीती पाटील यांनी किचनचाच ओला कचरा वापरून बाग उभी केली. म्हणजे अंगण नाही हे कारण चालणार नाही!

असो. आता मुख्य गोष्ट. ती सांगायला मला फारसं आवडत नाहीये.

२०२४ च्या दिवाळीनंतर हिवाळी भाज्यांसाठी जागा कमी पडायला लागली. एमआयडीसीच्या रस्त्यावर, कुठल्याही एमआयडीसीच्या रस्त्यावर, निळे प्लॅस्टिकचे ड्रम विकायला ठेवलेले असतात. दोनशे लिटरचे. तुम्हीही पाहिले असतील. गावोगाव लोक त्यात पाणी भरतात. मी दोन आणले, आडवे ठेवून लांबीत कापले, चार लांबट कुंड्या झाल्या. खाली भोकं पाडली, विटांवर ठेवल्या. दिसायला तर इतक्या ट्रेंडी की बायकोने लगेच स्टेटस ठेवलं. पालक असा आला, असा आला की विचारू नका. सोलापूरचा डिसेंबर म्हणजे पालेभाजीचं हनिमून. आम्ही खाल्ला, मामींना दिला. मामींची चार वर्षांची नात त्या महिन्यात इथंच होती. ती ताटात दुसरं काही घ्यायची नाही, पण मामींचा ताकातला पालक वाटीच्या वाटी खायची.

जानेवारीत, गड्ड्याची जत्रा नुकतीच संपली होती, कंपनीत ऑडिट होतं. मी एका नवीन मुलाला रिकाम्या ड्रमच्या यार्डात घेऊन गेलो आणि दर वर्षीचं भाषण दिलं. घातक रसायनाचा रिकामा ड्रम हा रिकामा नसतो, तो २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा असतो. तो अधिकृत रिसायकलरकडेच जातो, भंगारात नाही. एचडीपीई प्लॅस्टिक सॉल्व्हंट शोषून घेतं, तीनदा धुतलं तरी भिंतीत मुरलेलं सगळं निघेलच असं नाही. तो मुलगा वहीत लिहून घेत होता. मी बोलता बोलता एका ड्रमच्या झाकणावर हात ठेवला. निळं झाकण, त्याला लाल रिंग.

माझ्या घरामागच्या ड्रमला तशीच लाल रिंग होती.

मी घरी कसा आलो ते आठवत नाही. कुंडी उलटी केली, माती सगळी अंगणात. बाहेरच्या बाजूला लेबल खरवडून काढलं होतं, पण खालच्या कडेला लेबलचा एक कोपरा राहिला होता. लाल चौकटीचं टोक. तुम्हाला ते नुसतं लाल त्रिकोणासारखं दिसलं असतं. मी ते दिवसातून पन्नासदा बघतो. धोक्याच्या चित्राची चौकट. आत कवटी होती, ज्वाला होती की मेलेला मासा, ते कळायला मार्ग नव्हता. म्हणजे आत काय होतं हेही नाही.

महिनाभर मी त्याला पाणी घालत होतो. चार पावलांवरून. लेबल वाचायचा पगार घेणारा माणूस!

बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी गप्प झाली आणि मग एकच म्हणाली, “मामींना तू सांगायचं. मी नाही.” बरोबरच होतं. गेलो. मामी चुलीपुढे, मामा ओट्यावर, नात आतबाहेर. मी जमेल तसं सांगितलं. तो पालक खाऊ नका, उरलेला शेळ्यांना पण घालू नका, नातीला एकदा डॉक्टरांना दाखवून या, मी येतो बरोबर. मामी घाबरल्या. खोटं कशाला सांगू, मी त्यांच्यापेक्षा जास्त घाबरलो होतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोरीला तपासलं, काही त्रास नाही म्हणाले. पण कशासाठी काय तपासायचं हेच माहीत नसताना तेही बिचारे काय सांगणार? पोरगी आजही धडधाकट आहे, पहिलीत जाईल आता. मला मात्र अजून पालक घशाखाली उतरत नाही.

पण त्या संध्याकाळी मी उठताना माझं लक्ष न्हाणीच्या शेजारी गेलं. तिथं पाण्याचे ड्रम. तीन. निळे.

“मामा, हे कुठनं आणलेत?”

“बाजारातनं. सगळ्यांकडंच हायत की.”

“ह्यातलं पाणी...”

“पितो की. दहा-बारा वर्षं झाली.”

मी सांगितलं, हेही नको. मामांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. त्या माणसाला मी कधी रागावलेलं बघितलं नाही.

“मंग पाणी कशात भरायचं?”

आता सोलापूर शहरातसुद्धा नळाला रोज पाणी येत नाही, दिवसदिवस वाट बघावी लागते, तिथं वस्तीचं काय सांगणार? टँकर येतो तेव्हा येतो. आला की घरात जे असेल ते भरून ठेवायचं. निळा ड्रम स्वस्त पडतो, फुटत नाही, दोनशे लिटर मावतं. तो काढा म्हणणं सोपं आहे. माझ्याकडे पीपीटीत त्याच्यावर स्लाइड आहे, त्यात ड्रमवर लाल फुली आहे. फुलीनंतर पुढची स्लाइड नाही.

आम्ही दोघांनी मिळून पाचशे लिटरची पिण्याच्या पाण्याची टाकी घेतली, नवी, दुकानातून, बिलासकट. अर्धे पैसे मी दिले. मामा घेत नव्हते, मी म्हटलं भाड्यात वळते करू. केले नाहीत, त्यांनाही माहितीय. ते तीन ड्रम आणि माझे चार अर्धे तुकडे कंपनीतल्या अधिकृत लॉटबरोबर जाऊ द्या म्हणून मी वरती विचारलं. बाहेरचा माल नको, कागद जुळणार नाहीत, असं उत्तर आलं. पटलं नाही, पण नियम बघितला तर चूकही नाही. शेवटी अधिकृत रिसायकलरच्या गाडीवाल्याला गाठून, रीतसर पावती करून ते घालवायला मला सात आठवडे लागले. कुंड्यांमधली माती पोत्यात भरून तशीच ठेवली होती, तीही त्याच्याच बरोबर गेली. अंगणात सांडलेली वीतभर खरवडून काढली, तीसुद्धा.

तर मित्रहो, तुमच्या गच्चीवर, गॅलरीत निळा ड्रम असेल तर त्याची जन्मकुंडली विचारा. तळाला त्रिकोणात ‘२’ लिहिलंय म्हणजे सेफ, असं कोणी सांगेल. तो आकडा प्लॅस्टिक कुठलं हे सांगतो, आत काय होतं ते सांगत नाही. वास येत नाही हाही पुरावा नाही. पहिल्यापासून खाण्याच्या वस्तूचा होता हे लेबलासकट दिसत असेल तरच घ्या, नाहीतर मातीची कुंडी काय वाईट आहे?

त्यानंतर दोन महिने मी अंगणात पाऊल टाकलं नाही. एप्रिलमध्ये एका रविवारी ठक ठक आवाजाने जाग आली. बघतो तर मामा शहाबादी फरशीचे तुकडे ओळीने लावतायत. इकडे शहाबादी म्हणजे घरोघरची. गुलबर्ग्याकडून येते, फरशी बसवून झाली की फुटके तुकडे पडून असतात. ते दगडच. त्यात कुणी काय भरणार? तुकडे अर्धे जमिनीत उभे गाडायचे, सहा-आठ इंच वर ठेवायचे, की झाली वाफ्याची भिंत. दगड तापतो म्हणून बाहेरून चुना मारला. पश्चिमेला तुरीची ओळ, म्हणजे दुपारचं तिरपं ऊन अडतं. वर पन्नास टक्क्यांची शेडनेट, ती फक्त मार्च ते मे. असे चार वाफे ठरले. तीन होतात न होतात तोच २०२५ च्या मेमध्येच पाऊस आला, चौथा चिखलात फसला. तो अजून वाकडा आहे.

आणि गादीवाफ्याची परीक्षा झाली ती त्याच सप्टेंबरात. इथला मोठा पाऊस सप्टेंबरचाच, पण ते वर्ष काही औरच. सीनेला पूर आला, मोहोळ-माढ्याकडच्या कितीतरी गावांत पाणी शिरलं, उभी पिकं गेली. आमच्याकडे नदीचं पाणी आलं नाही, पण आभाळाचं एवढं आलं की अंगणात चार दिवस तळं. काळी माती फुगली की पाणी खाली जाऊच देत नाही, मुळांना हवा मिळत नाही, रोपं गुदमरतात. शेजारच्या सपाट जागेतली मिरची अशीच गेली. वाफ्यातली गवार, भेंडी, चवळी मात्र आठ इंच उंचीवर बसून मजेत. वाकड्या वाफ्यातला दोडका तर त्या महिन्यात जाळीवर चढून मामींच्या पत्र्यावर गेला. मी मामांना म्हटलं, बघा, गादी. ते म्हणाले, “पोरांची नावं आपण ठेवायची आणि गुण देवानं द्यायचे.” याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

पाण्याचं एक राहिलं. इथलं बोअर खारं. कुंड्यांच्या कडेला पांढरी साय चढते ती त्याचीच. म्हणून ठिबकची बारीक नळी टाकलीय, पण पंधरवड्यातून एकदा भरपूर पाणी सोडून वाफा धुऊन काढतो, म्हणजे क्षार खाली जातात. पहिला पाऊस पडला की ते काम फुकटात होतं. आणि उन्हाळ्यात लेट्यूसचा नाद सोडा हो. तांदुळजा, राजगिरा, मायाळू, गवार, भेंडी लावा. अंबाडीला तर ऊन जितकं जास्त तितका माज येतो.

फेब्रुवारी आला की सकाळी फरशीचा वरचा अर्धा भाग काढायचा आणि गादी खाली बसवायची. मातीच्या कडेला बोटभर बांध, मध्ये खळगा. सपाट. मामा ओट्यावरून सूचना देतात, मी घाम काढतो.

या गोष्टीला पाय फुटलेत. रविवारी वस्तीतले लोक ड्रम घेऊन येतात, “साहेब, हा चालतो का बघा.” आत्तापर्यंत सोळा आले असतील. दोनच मी हो म्हटलं, त्यांच्यावर खाद्यतेलाचं लेबल होतं. बाकीच्यांना नको म्हटलं. मागच्या रविवारी एक बाई आल्या, डोक्यावरच ड्रम. मी खरवडलेली जागा दाखवली, समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, नवी टाकी केवढ्याला पडली ते विचारलं. मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली, पदर नीट केला, ड्रम परत डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, “आज टँकर हाय.”

मामा चवळीचं बी भिजत घालत होते. त्यांनी वर बघितलं नाही.